अकरा फोनांची पिशवी

तुझ्या हातून झालेलं मोठं काम कोणतं, असं अस्मिताला गेल्या वर्षी कोणी विचारलं असतं, तर तिनं छाती पुढे काढून सांगितलं असतं, कंपनीचं वायफाय. आज विचाराल तर ती उठून आत निघून जाईल.

कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. औषधाच्या गोळ्या बाहेरून यायच्या, इथं त्यांची पाकिटं भरायची. भरणाऱ्या बहुतेक बाया, विठ्ठलवाडीच्या, उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या वस्त्यांमधल्या. त्यांच्यात अस्मिताची आई, सुनेत्रा. चौदा वर्षं तिनं त्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्यानं काढली आणि मग एक दिवस मालक कीर्तीशेठपुढे हात जोडून म्हणाली, "पोरगी कॉम्प्युटर शिकलीय, ऑफिसात कुठं जागा असली तर बघा." शेठनं जागा दिली. घराण्यातली पहिली खुर्चीवरची नोकरी! आईनं घरी बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि अर्ध्या चाळीला पेढे वाटले.

चार महिन्यांनी शेठनं पाच वायफायचे डबे आणले. ऑफिसात एक, कॅन्टीनला एक, पॅकिंगला एक, गोदामात एक आणि गेटवर एक. गोदामात माल मोजायला स्कॅनर आणायचे होते, म्हणून हा सगळा घाट. शेडमध्ये मोबाइलला रेंज नसायची, तेव्हा कामगारांनाही वायफाय द्यायचं ठरलं. पण पाच डब्यांवर लक्ष ठेवायला सॉफ्टवेअर लागतं, आणि ते निवडायचं काम आलं अस्मिताकडे.

तीन सॉफ्टवेअर तिनं कागदावर मांडली. पहिल्याला दर वर्षाची वर्गणी होती. शेठ म्हणाले, "वर्गणी मैं गणपती को देता हूँ, बेटा. पुढे बोल." दुसरं मोबाइलवरून चालणारं, साधं. त्यात डबा चालू की बंद एवढंच दिसे, जास्त काही नाही. तिसरं फुकट, लॅपटॉपवर उतरवायचं. ते डबे दाखवायचं, डब्याला कोणाचा फोन कधी जोडला गेला ते दाखवायचं, शेडचा नकाशा काढून दिला तर नकाशावर ठिपके दाखवायचं. अट एकच, लॅपटॉप कायम चालू पाहिजे.

दुसऱ्यानं काम भागलं असतं हो! स्कॅनर चालले असते, बायांनी सुट्टीत व्हिडिओ बघितले असते, कोणाचं काही बिघडलं नसतं. पण नकाशा बघून पोरीचे डोळे चमकले. "शेठ, तिसरंच घेऊ," ती म्हणाली. "सगळं दिसतं त्यात."

"सगळं दिसतं? मग तेच," शेठ म्हणाले.

लॅपटॉप उल्हासनगरच्या बाजारातला, सेकंडहँड. बॅटरी मेलेली, वायर काढली की त्याचा जीव गेला. अस्मितानं वायर चिकटपट्टीनं टेबलाला जखडली आणि वर पाटी लावली, "बंद करू नये." सॉफ्टवेअर उतरवलं तर डबे सापडेचनात. दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं, लॅपटॉपची फायरवॉलच वाट अडवून बसली होती. ती मोकळी केली आणि एकेक डबा हिरवा होत गेला. पाचवा, गोदामातला, हिरवा झाला तेव्हा तिनं खुर्चीतच टाळी वाजवली. एवढा आनंद तिला डिप्लोमाच्या निकालाला पण झाला नव्हता.

सेटिंगच्या वेळी कल्पेश मागे येऊन उभा राहिला. कल्पेश म्हणजे गोदामाचा सुपरवायझर, तोंडानं गोड, सगळ्यांशी "काय टेन्शन नाय" म्हणत फिरणारा.

"स्टाफचं वायफाय वेगळं ठेव हां," तो म्हणाला. "आणि आपली हिस्ट्री-बिस्ट्री नको. कामगारांची ठेव. लॅपटॉप जुना आहे, कशाला फुकट भरायचा?"

पटण्यासारखं होतं. अस्मितानं कामगारांच्या नेटवर्कला तीस दिवसांची नोंद ठेवली. स्टाफच्या नेटवर्कसमोरच्या चौकोनातली टिक काढून टाकली. दोन सेकंदांचं काम.

राहिली नावं. सॉफ्टवेअरमध्ये फोन ब्रँडच्या नावानं दिसायचे, एकाच ब्रँडचे अठरा. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती वायरसकट लॅपटॉप घेऊन कॅन्टीनला गेली आणि एकेकीचा फोन जोडून समोर नाव टाकत बसली. काय हशा पिकला! पद्मजा म्हणाली, "माझं नुसतं नाव नको, मॅडम लाव पुढं. घरी तर कोणी म्हणत नाही." आई लांबून कौतुकानं बघत होती.

तेवढ्यात झाडूवाली तुळशी पुढे आली. बारवी धरणाजवळच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची ही बाई, पहाटे निघून चालत, मग टमटमनं, अशी रोज कामावर यायची.

"माजा पन नाव टाक ना, बाय," ती म्हणाली.

"तुझा फोन कुठाय, तुळशीमावशी?"

"नाय ना. पन टाक. सगल्यांचा टाकलास."

"अगं, फोन नसेल तर नाव कसं टाकणार? ते घेतच नाही."

"र्‍हावं दे मंग," म्हणून ती हसत झाडायला गेली. पण जाता जाता एकदा वळून स्क्रीनकडे बघितलंच तिनं.

आता या तुळशीचं एक काम होतं, जे कोणी तिला लावून दिलं नव्हतं. पॅकिंगच्या लाइनवर फोन न्यायला बंदी. लॉकरच्या किल्ल्या कधीच्या हरवलेल्या, आणि उघड्या लॉकरमधून पद्मजाचा एक फोन गेला होता. तेव्हापासून अकरा बाया सकाळी आपापला फोन तुळशीच्या हवाली करायच्या. जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी होती तिची, ती खांद्याला अडकवून ती दिवसभर झाडत फिरायची. तिला अक्षरओळख नव्हती, पण कुठला फोन कोणाचा, हे एकदाही चुकलं नाही. जिला स्वतःला फोनच नाही ती दुसऱ्यांचा कशाला उघडेल, असा बायांचा हिशोब. आणि खरंच, शेडबाहेर झाडताना पिशवीत फोन वाजला तरी ती हात लावायची नाही, त्या बाईला शोधत लाइनपर्यंत जायची.

महिना गेला. मग एका शुक्रवारी गोदामातून फॉइलचा रोल गेला. गोळ्यांच्या पाकिटांना लागणारं चकचकीत फॉइल, भंगारातही हातोहात खपणारं. हा तिसरा रोल होता. गोदामाचा कॅमेरा दोन महिने बंद, वायर उंदरांनी कुरतडली म्हणून कल्पेशनं कळवलेलं, कोणी दुरुस्त केली नव्हती. दुसऱ्या दिवशी शेठ लालबुंद होऊन ऑफिसात आले, मागोमाग कल्पेश.

"तू बोली थी ना, सगळं दिसतं? दाखव. काल सकाळी माल मोजला तेव्हा रोल होता, संध्याकाळी नाही. गोदामात कोण होतं?"

अस्मिताला, खोटं कशाला बोला, आधी आनंदच झाला. आपलं काम आज कामाला येणार! तिनं गोदामाचा डबा उघडला, कालची तारीख टाकली. अकरा चाळीस ते बारा पाच. अकरा नावं एकाखाली एक. परवाही तीच. रोज तीच.

पद्मजा मॅडम. आणि चौथ्या ओळीत, तिनंच हौसेनं टाकलेलं, "आई".

तिनं लॅपटॉपचं झाकण लावायला हात नेला, पण शेठ मागून वाचत होते.

"अकरा जणी?" शेठचा आवाज चढला. "रोज पंचवीस मिनिटं? टोळीच आहे ही! कल्पेश, सगळ्यांना बाहेर काढ. पोलिसांना फोन लाव."

चौदा वर्षं उभं राहून वाकलेली आई तिच्या डोळ्यांपुढे आली, आणि ती पोलिसांच्या गाडीत चढताना दिसली. काय करावं, कसं सांगावं! आणि एकदम तिला पिशवी आठवली.  ती जवळजवळ ओरडलीच, "शेठ, नाही! बाया तिथं गेल्याच नाहीत. त्या लाइनवर होत्या, हजेरी बघा. फोन तुळशीमावशीच्या पिशवीत असतात. अकराच्या अकरा. ती झाडायला जाते ना, म्हणून फोन तिथं दिसतात!"

 अस्मिताला वाटलं, सुटलो.

"म्हणजे गोदामात तुळशी होती," कल्पेश सावकाश म्हणाला.

"झाडायला," अस्मिता म्हणाली.

"एवढंसं गोदाम. झाडायला पाच मिनिटं लागतात. रोज पंचवीस मिनिटं काय करते ती?"

 आपण काय बोलून बसलो, हे तिला तेव्हा कळलं.  "पण रोल अठरा किलोचा आहे," ती कशीबशी म्हणाली. "ती एवढीशी बाई..."

"अगं, या बाया डोंगरातून लाकडाची मोळी आणतात डोक्यावर," कल्पेश म्हणाला. "अठरा किलो म्हणजे काय त्यांना! काय टेन्शन नाय."

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर तुळशीला उभं केलं. खांद्याला पिशवी, हातात झाडू. शेठनं विचारलं, गोदामात रोज एवढा वेळ काय करतेस?

तुळशीला प्रश्न अवघड वाटलाच नाही. "फोन चारजिंगला लावते, शेठ. तिथलाच बोर्ड चालतो. मोटा हाय, सगले येकदम लावते. बायांचे हायेत."

"कोणाचे? कोणी सांगितलं तुला?"

कॅन्टीनच्या भिंतीवर पाटी होती. कंपनीच्या विजेवर खासगी फोन चार्ज करताना आढळल्यास कामावरून कमी करण्यात येईल. दोन वर्षांपूर्वी एका बाईला खरंच कमी केलं होतं. सगळ्यांना ती पाटी पाठ होती.

तुळशीनं बायांकडे बघितलं. ती वाट बघत होती, आता कोणी तरी म्हणेल, हो शेठ, मीच सांगितलं. पद्मजा डब्याचं झाकण लावत होती. दुसरी पाणी प्यायला उठली. अकरा बाया, रोज घरी भरलेल्या बॅटरीचा फोन नेणाऱ्या, आणि एकीच्या तोंडून शब्द फुटेना. कमाल आहे माणसांची! एरवी याच बाया भाजीवाल्याशी दोन कांद्यांसाठी भांडतील.

अस्मिता दारात उभी होती. आईचा फोन संध्याकाळी नेहमी भरलेला असतो, हे तिला ठाऊक होतं. घरी एकच सॉकेट, तिथं अस्मिताचा फोन लागतो, म्हणून आई म्हणायची, "माझं होतं गं तिकडं." तिनं बोलायला तोंड उघडलं. समोरून आईनं तिच्याकडे बघितलं आणि मान अगदी जराशी हलवली. नको.

अस्मितानं तोंड मिटलं.

"कोणी नाही सांगितलं," शेठ म्हणाले. "चल बाहेर. पोलीस येतायत."

तुळशीनं झाडू भिंतीला टेकवला. "थांबा," ती म्हणाली, "फोन द्येते ज्याचे त्याला." आणि पिशवी उघडून ती टेबलाटेबलानं फिरली. निळ्या कव्हरचा पद्मजाला. फुटक्या काचेचा कोपऱ्यातल्या मुलीला. एकेक काढून, पदरानं पुसून, हातात. कोणी वर बघितलं नाही. सुनेत्राचा फोन शेवटचा होता. तो देताना तुळशी म्हणाली, "तुजा अर्दाच झालाय आज." मग रिकामी पिशवी झटकून, घडी घालून तिनं कमरेला खोचली आणि कल्पेशच्या मागोमाग गेली.

अस्मिता ऑफिसात पळाली. लॅपटॉपवर नकाशा उघडाच होता. अकरा ठिपके कॅन्टीनमध्ये होते, वेगवेगळे. बाहेर गेटवर पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज आला, पण नकाशावर गेटजवळ काहीच नव्हतं. तिला रडू आवरेना.

घरी आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना आपणहून म्हणाली, "तुझी नोकरी, माझी नोकरी. दोन्ही गेल्या असत्या, अस्मे. खायचं काय होतं?" अस्मिता म्हणाली, "मी कुठं काय म्हणाले?" रविवारी दोघी बुद्धविहारात गेल्या. पंचशील सुरू झालं. आईचा आवाज तिथं सगळ्यांच्या वर असतो. मुसावादा वेरमणीला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, तो बसला. पुढचं शील तिनं नुसते ओठ हलवून म्हटलं. खोटं ती बोललीच नव्हती म्हणा. ती काहीच बोलली नव्हती.

सोमवारी अस्मितानं लॅपटॉप उघडला आणि स्टाफच्या नेटवर्कसमोरच्या चौकोनात टिक केली. कोणाला विचारलं नाही. आणि ती वाट बघत राहिली.

चौथ्या आठवड्यात आणखी एक रोल गेला. या वेळी तुळशी नव्हती. अस्मितानं दार लोटून गोदामाची नोंद काढली. रविवार, कंपनी बंद, दुपारी तीन दहा ते तीन बत्तीस. एकच फोन. कल्पेशचा. तिनं तो कागद छापला. शेठकडे जायचं धाडस तिला झालं नाही. ती सरळ चौकीत गेली.

तिथला हवालदार वयस्क होता, त्यानं बसायला सांगितलं, पाणी दिलं. कागद दोनदा वाचला.

"हे परवाचं झालं," तो म्हणाला. "सुपरवायझर गोदामात जाणारच, तो उद्या म्हणेल माल बघायला गेलो. ती बाई ज्या चोरीत आहे, त्या दिवसाचं काढ. त्या दिवशी हा तिथं होता असं दाखव, मग मी साहेबांकडे नेतो."

"त्या दिवसाचं नाहीये."

"का? बायांचं तर आहे. तूच शेठला दाखवलेलं फायलीला लागलंय."

"स्टाफची नोंद तेव्हा बंद होती."

"कोणी बंद केली?"

 कल्पेशनं सांगितलं होतं, हे खरं. पण त्यानं लॅपटॉपला बोट लावलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली.

हवालदारानं कागदाची घडी घातली. "ठेवतो मी," तो म्हणाला. पण ज्या खणात त्यानं तो टाकला, त्यात आधीच खूप कागद होते.

बातमी कंपनीत तिच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी गेटवरच तिला थांबवलं, नोकरी गेली. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर कल्पेशनं काढून टाकलं, म्हणे फार जड होतं. आता तिथं दुसरं आहे, साधं, डबा चालू की बंद एवढंच दाखवणारं. आई अजून कामाला जाते. फोन घरी ठेवून जाते.

तुळशीला जामीन मिळाल्याचं कळलं तेव्हा अस्मिता बदलापूरहून टमटम पकडून बारवीकडे गेली आणि पाड्याचा चढ चढली. तुळशीचा नवरा, वाळू त्याचं नाव, अंगणात कुडाला माती लिंपत होता. शेळ्यांचा गोठा रिकामा होता, वकिलापायी शेळ्या गेल्या होत्या. त्यानं हिच्याकडे बघितलं, कोण ते ताडलं, आणि पाठ फिरवून काम करत राहिला.

तुळशी आतून आली. वाळली होती. तिनं आधी तांब्याभर पाणी दिलं, मग समोर उंबऱ्यावर बसली. पिशवीची मळकी घडी अजून कमरेला होती. अस्मितानं वाटभर बरंच काही पाठ केलं होतं. माफी मागायला आले, एवढंच ती म्हणू शकली. तेही धड नाही, हुंदक्यात.

"सुनेत्रा बरी हाय ना?" तुळशीनं विचारलं.

"हो."

"फोन कुटं ठेवतात आता बाया?"

"घरी."

"बेस केला."

 वाळूच्या हाताचा मातीवर थप्पथप्प आवाज येत होता. मग तुळशी म्हणाली, रागानं नाही, जसं हवापाणी विचारावं तसं, "बाय, तुज्या त्या डब्यात माजा नाव घेत नव्हता ना?"

"नाही मावशी."

"चौकीत घेतला. फोन नाय मनलं, तरी घेतला. तीन वेला लिवला, बापाच्या नावासकट." ती तांब्या उचलून उठली. "ऊन व्हायच्या आत उतर खाली. मंग टमटम नाय भेटत."